कार्यपरिचयातील कर्तृत्वाची नोंद : अनुताई वाघ

संस्थाप्रमुखाच्या कार्यपरिचयात पदे व पुरस्कार अग्रभागी नोंदविण्याचा प्रघात आहे. अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्याबाबत तो अपुरा ठरतो. ‘पद्मश्री’ या नोंदीतून सन्मान कळतो, कार्य नव्हे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांच्यासमवेत बोर्डी येथे आरंभलेले बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. आदिवासी मुलांकडे धाकटी भावंडे सांभाळण्याचे व गुरे राखण्याचे काम असे. ती शाळेत येणार कशी? म्हणून पाड्यावर अंगणवाडी भरली, गुरांमागच्या मुलांसाठी कुरणशाळा. खडे, शिंपले, पाने हीच शैक्षणिक साधने झाली. शासनाची एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची, म्हणजे बरीच नंतरची. अर्थात मूळ कल्पनेचे श्रेय ताराबाईंचेच, हेही कार्यपरिचयात नोंदवावे लागेल. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर कोसबाडची धुरा अनुताईंनी वाहिली.