जलगाळणी, सुवाह्य
वीज वा नळजोडाविना चालणारे, कुठेही नेता येणारे पाणी गाळण्याचे साधन. पर्जन्यछायेतील सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकर लागतात. टँकरचे पाणी साठवताना पुन्हा दूषित होऊ शकते, म्हणून शेवटची शुद्धी घरातच हवी. साधी गाळणीही मोलाची असते: बांगलादेशात जुन्या साडीच्या घडीतून गाळलेल्या पाण्याने पटकी सुमारे निम्म्याने घटल्याचे २००३ मध्ये दिसले. चिनीमातीची कँडल बहुतेक जिवाणू अडवते, विषाणू मात्र निसटतात. मग उकळणेच पुरेसे नाही का? उकळल्याने विषाणूही मरतात, हे खरे. पण गाळ राहतो, सरपण लागते. विहिरीतले नायट्रेट तर दोन्हींनी जात नाही. उकळताना पाणी आटल्यास त्याचे प्रमाण उलट वाढते. विहिरीत नायट्रेटची शंका असेल तिथे गाळणीआधी पाण्याची तपासणीच करायला हवी.