काळ्या काचेची शेगडी

तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा एक थेंब उडाला की ती टचकन तडकायची, हे पन्नाशी ओलांडलेल्या बायांना सांगायला नको. मग आज काचेच्याच शेगडीवर आपण कुकर कसा काय चढवतो? बैठकीत हा प्रश्न निघाला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही पार जर्मनी-अमेरिकेला जाऊन पोचलो.

काच नुसत्या उष्णतेने फुटत नाही. एक भाग तापून पसरतो, शेजारचा थंड भाग जागचा हलत नाही, आणि त्या ओढाताणीत ती तडकते. जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉट यांनी १८८४ साली काचेची प्रयोगशाळा काढली आणि बोरॉन घालून कमी पसरणारी काच तयार केली. दिव्यांच्या चिमण्यांना ती फार उपयोगी पडली. अमेरिकेतही रेल्वेच्या कंदिलांचं हेच दुखणं होतं. आत ज्योत, बाहेर बर्फ-पाऊस. तिथल्या कॉर्निंग कंपनीनेही तशीच काच बनवली. तोवर हा सगळा कारभार दिव्यांचा आणि पुरुषांचा. स्वयंपाकाचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

ते आलं एका बाईमुळे. बेसी लिटलटन यांचे पती कॉर्निंगमध्ये शास्त्रज्ञ होते. १९१३ साली बेसीबाईंचं भट्टीत ठेवायचं मातीचं भांडं तडकलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, तुमच्या कारखान्यात एवढी काच होते, त्यातलंच काहीतरी आणा. त्यांनी बॅटरीच्या काचेच्या बरणीचा बूड कापून आणला. बेसीबाईंनी त्यात केक भाजला. तो सगळीकडून सारखा भाजला गेला, भांड्याला चिकटला नाही, शिवाय आत काय चाललंय ते बाहेरून दिसत होतं. १९१५ साली पायरेक्सची भांडी बाजारात आली. पुढे १९२९ साली कंपनीने ल्युसी माल्टबी या गृहशास्त्राच्या जाणकार बाईंना नोकरीवर घेतलं. त्यांनी कंपनीत चाचणीचं स्वयंपाकघर उभं केलं. गिऱ्हाईक बायांच्या तक्रारी वाचायच्या, भांडी वापरून बघायची आणि काय बदलायचं ते कारखान्याला सांगायचं, असं त्यांचं काम. शोधाच्या गोष्टीत अशी नावं मागच्या ओळीत बसतात, म्हणून आम्ही ती मुद्दाम पुढे आणली.

पण ही भांडीसुद्धा थेट जाळावर चालत नव्हती. ती अडचण सुटली एका बिघाडामुळे. १९५३ च्या सुमारास कॉर्निंगमधले डोनाल्ड स्टूकी काचेची एक पट्टी ६०० अंशांना तापवत होते. भट्टीचं नियंत्रण बिघडलं आणि तापमान ९०० अंशांवर गेलं. त्यांना वाटलं, काच वितळून भट्टीची वाट लागली असणार. उघडून बघतात तर पट्टी जशीच्या तशी, फक्त दुधासारखी पांढरी झालेली. चिमट्यातून ती फरशीवर निसटली आणि ठणकन वाजली. फुटली नाही. जास्तीच्या उष्णतेने काचेच्या आत बारीक बारीक स्फटिक तयार झाले होते. अशी स्फटिकवाली काच म्हणजेच सिरॅमिक काच. पुढे तिच्यात असं मिश्रण साधलं की तापल्यावर स्फटिक आक्रसतात आणि उरलेली काच पसरते. दोघांचं मिळून माप जवळपास होतं तेवढंच राहतं. ओढाताणच नाही, मग तडकणार कशी? १९५८ साली या काचेची भांडी निघाली आणि १९६६ साली कॉर्निंगने तिची सपाट पांढरी शेगडी आणली.

काळी शेगडी मात्र पुन्हा शॉटच्या घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धानंतर येना रशियाच्या ताब्यात जाणार होतं. त्याआधी, १९४५ साली, अमेरिकी सैन्याने तिथले ४१ काचतज्ज्ञ पश्चिमेकडे हलवले. १९५२ साली माइन्झ शहरात कारखाना नव्याने उभा राहिला. तिथे १९६८ साली मोठ्या दुर्बिणींच्या आरशांसाठी न पसरणारी काच तयार झाली आणि १९७१ साली तिच्याच बहिणीसारख्या काचेची शेगडी लोकांपुढे आली. आकाशातले तारे आणि आपला भात एकाच घराण्यातल्या काचेवर, हे ऐकून बैठकीत बायका हसत सुटल्या.

आता आपल्या कामाचं. वरून दोन शेगड्या सारख्याच काळ्या दिसतात, पण आतलं वेगळं असतं. एकीत तारेचं वेटोळं लाल होतं आणि उष्णता काचेतून वर येते. तिच्यावर सपाट बुडाचं कुठलंही धातूचं भांडं चालतं. दुसरी इंडक्शनची. ती भांड्याचा बूडच तापवते, म्हणून ज्याला लोहचुंबक चिकटतं तेच भांडं तिला लागतं. आमच्या गटातल्या एकीने अंतर्गत कर्ज काढून इंडक्शन घेतली. दुकानदार याबद्दल एक शब्द बोलला नाही. घरात सगळी पातेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची. शेगडी नुसती टूं टूं वाजायची. सासूबाईंनी महिनाभर ऐकवलं आणि हप्ता तर भरावा लागलाच. तेव्हापासून शेगडीसाठी कर्ज मागणारीला आम्ही आधी घरची भांडी आणि एक चुंबक घेऊन बसवतो. वीज किती हेही विचारतो. २००० वॅटची शेगडी पूर्ण ताकदीवर तासभर चालली तर २ युनिट जळतात.

ही काच उष्णतेला घाबरत नाही, माराला घाबरते. वरून बत्ता पडला तर गेली. खरखरीत बुडाचा तवा तिच्यावर ओढू नका. गुळाचा पाक सांडला तर तो गार होऊन घट्ट बसायच्या आत, हात सांभाळून, खरवडून काढा. नाहीतर काचेचा टवका निघतो. बटण बंद केल्यावरही काच बराच वेळ पोळते आणि ज्योत नसल्यामुळे पोरांना ते कळत नाही. बारीक चीर दिसली तरी लगेच भिंतीवरचं बटण बंद करा. वर पाणी सांडलं तर चिरेतून ते आत विजेपर्यंत जातं.

भाकरीचं तेवढं जमलेलं नाही. लोखंडी तव्यावर ती भाजून होते, पण शेवटी विस्तवाला लावून टम्म फुगवायची सोय या काचेवर नाही. म्हणून आमच्यातल्या बहुतेकींकडे दूध, चहा आणि भात काचेवर होतो, भाकरी चुलीवर किंवा गॅसवर.