क्लिक्स : विज्ञान शिक्षकांचे संमिश्र प्रशिक्षण

सरकारी माध्यमिक शाळांतील विद्यार्थी व शिक्षक यांच्यासाठीचा संगणकाधारित भारतीय शिक्षण-उपक्रम. ‘कनेक्टेड लर्निंग इनिशिएटिव्ह’चे लघुरूप. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (टिस), अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि टाटा ट्रस्ट्स यांनी तो २०१५ मध्ये उभा केला. सूत्रे मुंबईतून हलली, पण शाळा छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान व तेलंगणातल्या. विषय इंग्रजी, गणित, विज्ञान आणि संगणक-ओळख.

विज्ञान शिक्षकाच्या प्रशिक्षणात माहितीपेक्षा जुन्या समजुतीच आडव्या येतात. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीने होतात, हा समज मुलांत आढळतो तसाच शिक्षकांतही. अनेक देशांतील अभ्यासांत त्याची नोंद आहे. व्याख्यान सभागृहातले असो वा पडद्यावरचे, तेवढ्याने तो हलत नाही. शुद्ध अष्टमीच्या दुपारी सूर्य आणि चंद्र दोघेही आकाशात असतात, मग सावली चंद्रावर पडेल कशी, हा प्रश्न आधी पडावा लागतो. नंतर अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर चेंडू धरून स्वतःभोवती फिरले, की उजळ अर्धा भाग सतत दिव्याकडेच राहतो आणि आपल्याला दिसणारा त्याचा हिस्सा तेवढा बदलतो, हे ध्यानात येते. पृथ्वीच्या सावलीचा खुलासा चंद्रग्रहणाचा आहे.

क्लिक्सची मांडणी हे ओळखून केलेली दिसते. मुलांसाठीच्या कृती शिक्षकाने कार्यशाळेत आधी स्वतः कराव्यात, पुढचा अभ्यास ‘टिसएक्स’ या ऑनलाइन मंचावर व्हावा आणि वर्गात आलेल्या अडचणी मोबाइलवरील चर्चागटांत मांडाव्यात, असा क्रम ठेवला गेला. माहिती-तंत्रज्ञानासह चिंतनशील अध्यापन या विषयाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रमही टिसने याला जोडून चालवला. चर्चागट हा यातला सर्वांत स्वस्त भाग. परिपत्रके आणि सणांच्या शुभेच्छांनी तो भरून गेला नाही, तर सर्वांत उपयोगीही तोच, कारण धडा शिकवताना अडलेला प्रश्न त्याच दिवशी विचारता येतो.

गमतीचा भाग असा, की शाळांमधले काम फारसे ‘ऑनलाइन’ नव्हतेच. इंटरनेटचा भरवसा नसल्याने साहित्य शाळेतल्या सर्व्हरवर ठेवले जाई. त्यासाठीची जीस्टुडिओ ही प्रणाली मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विकसित झाली.

शिक्षण क्षेत्रातील माहिती-तंत्रज्ञानाच्या वापरासाठीचा युनेस्कोचा २०१७ चा किंग हमद बिन ईसा अल-खलिफा पुरस्कार क्लिक्सला मोरोक्कोच्या एका सरकारी कार्यक्रमासह विभागून मिळाला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक विकासकार्य अपेक्षिले. त्याच वर्षी कोविडकाळात केंद्र सरकारचे ‘निष्ठा’ प्रशिक्षण ‘दीक्षा’ मंचावर ऑनलाइन आले. त्याचा विस्तार क्लिक्सपेक्षा कितीतरी मोठा. मात्र अशा मंचावर तास आणि प्रमाणपत्रे आपोआप मोजली जातात, प्रयोग केला की नाही ते नाही. क्लिक्सचे साहित्य इंग्रजी, हिंदी व तेलुगू भाषांत मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाले.