कनकेश्वराच्या पायऱ्या

वाचकहो, (हात अजून ‘श्रोतेहो’च लिहू पाहतो.) आज अलिबागजवळच्या मापगावी चला. पायथ्यापासून कनकेश्वर महादेवापर्यंत सातशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत. रघुजी आंग्र्यांच्या दिवाणांनी त्या १७६४ साली बांधविल्या.

तो काळ ध्यानात घ्या. १७५६ साली तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गापाशी जळाले. १७६१ साली पानिपत झाले. कान्होजींच्या दिवसांतली भरती ओसरू लागली होती. अशा वेळी दरबारच्या कारभाऱ्याने पैसा तोफांवर घालावा, असे आपण म्हणू. त्याने धोंडे घडवून घेतले, परक्या म्हातारीचा पाय घसरू नये म्हणून! दिवाणगिरीतले असले शहाणपण बखरीत फारसे येत नाही.

जपानात क्योटो शहरी अशी एक वाट आहे. बिवा सरोवराचे पाणी शहरात आणणारा कालवा १८९० साली पुरा झाला. त्याच्या एका फाट्याकाठी देवळे आहेत, चित्रकार हाशिमोतो कान्सेत्सु यांच्या देणगीतून लागलेली चेरीची झाडे आहेत. निशिदा कितारो नावाचे तत्त्वचिंतक तेथे विचार करीत फिरत, म्हणून तिला ‘तत्त्वज्ञानाची वाट’ म्हणतात. ती सपाट. आमच्या कनकेश्वरी मात्र शंभर पायऱ्या झाल्या की तत्त्वज्ञान संपते, उरतो तो श्वास आणि नाम.

चैत्र-वैशाखात कडेच्या जाळ्यांतून करवंदे पिकतात, आषाढ-श्रावणात पायऱ्यांवर शेवाळ धरते. मध्ये नागोबाचा टप्पा लागतो, पुढे देवाची पायरी. पालेश्वरापाशी वाटसरू झाडाचा पाला वाहतो. बेलच हवा असा हट्ट नाही. वर पुष्करणी. वारकऱ्याने शिवाच्या डोंगरी का चढावे, असे एकाने मला विचारले होते. पंढरीच्या विठोबाने मस्तकी शिवलिंग धरले आहे, एवढेच मी त्याला सांगितले.

तरुणपणी वीणा खांद्यावर घेऊन मी एका दमात वर जाई. आता गुडघे नागोबाच्या टप्प्यापर्यंतच साथ देतात. मागच्या खेपेस तेथेच टेकलो. शेजारच्या झाडाची चार पाने तोडून नातवाच्या हाती दिली. “आजोबा, तुमच्या नावाने वाहू का?” त्याने विचारले. मी म्हटले, “नाव कशाला? ज्यांनी या पायऱ्या घडवल्या त्या पाथरवटांची नावे तरी कुठे कोरलीत?”

तो दोन-दोन पायऱ्या टाकीत वर गेला. मी टाळ नसताना ठेका धरून बसलो.