आग्रा-मथुरेची सहल ठरवताना

महिला मंडळात आग्रा-मथुरेची सहल निघाली की वाटणी ठरलेली असते. एक दिवस मोगलांचा, एक दिवस देवांचा. सासवा म्हणतात, आम्हाला वृंदावन पुरे. सुना-लेकींना ताजमहालापुढे फोटो हवा. माझं म्हणणं, अशी वाटणी करू नये. सगळी ठिकाणं एकाच ओळीत बघावीत, म्हणजे त्यांची गोष्ट कळते.

सुरुवात ग्वाल्हेरपासून करावी. किल्ल्याच्या कड्यात पंधराव्या शतकात, तोमर राजा डुंगरसिंह आणि त्याचा मुलगा कीर्तिसिंह यांच्या काळात, तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती कोरल्या गेल्या. १५२८ मध्ये बाबर इथे आला. या मूर्ती फोडायचा हुकूम आपण दिला, असं त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पण मूर्ती प्रचंड, सगळ्या फुटणार कशा? कित्येकींचे चेहरेच तेवढे गेले. पुढे आपल्याच लोकांनी काही चेहरे चुन्याने पुन्हा घडवले.

तिथून आग्रा, आणि आग्र्याहून साधारण चाळीस किलोमीटरवर फत्तेपूर सिक्री. बाबराचा नातू अकबर. त्याच्या बोलावण्यावरून आचार्य हीरविजयसूरी १५८३ मध्ये गुजरातेतून पायी चालत इथे आले. त्यांच्या उपदेशावरून पर्युषणात पशुहत्या बंद ठेवायची फर्मानं निघाली. म्हणजे आजोबाच्या हुकमानंतर अवघ्या पंचावन्न वर्षांनी नातू आपल्या साधूंपुढे ऐकायला बसला होता.

मग वृंदावन. गोविंददेवाचं मंदिर अकबराचा सरदार, आमेरचा राजा मानसिंह याने १५९० मध्ये पुरं केलं. सिक्री पाहून आलात तर तोच लाल दगड आणि कमानी लगेच ओळखू येतील. औरंगजेबाच्या काळात मात्र तिथली मूर्ती हलवावी लागली, ती आज जयपूरला आहे. मथुरेचं केशवदेव मंदिर तर १६७० मध्ये त्याच्या हुकमाने पाडलं गेलं. हा अकबराचा पणतू, ताज बांधणाऱ्या शहाजहानचा मुलगा.

मथुरेत वस्तुसंग्रहालय चुकवू नका. इथल्या कंकाली टीला नावाच्या टेकाडावर १८८८ ते १८९१ च्या खोदकामात प्राचीन जैन स्तूप सापडला. तिथले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख वाचले तर दान देणाऱ्यांत बायका पुष्कळ. अमक्याची सून, तमक्याची आई असं लिहिलेलं असतं, पण दान तिच्या स्वतःच्या नावाने.

सोयीचं दोन शब्दांत सांगते. शुक्रवारी ताज बंद असतो. वृंदावनातली देवळं दुपारी बंद होतात. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांनी जेवणाची सोय आधीच बघावी.

नातवंडं बरोबर असतील तर त्यांना ग्वाल्हेरचा फुटका चेहराही दाखवा, आणि सिक्रीत फर्मानाची गोष्टही सांगा. दोन्ही घडलेलं आहे. त्यातलं सोयीचं तेवढं सांगितलं, तर मोठेपणी उरलेलं त्यांना दुसरंच कुणीतरी सांगेल, आणि रागाने सांगेल.