काचेच्या सागरातील रात्र

मत्स्यालयाचा इतिहास बहुधा पाहण्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पाण्याखालचे अगोचर जग काचेमागे आणावे आणि उजेडात मांडावे, हे त्याचे सूत्र. ते खोटे नाही. पण त्यात अंधाराला जागा उरत नाही. प्रवाळांच्या बाबतीत ही उणीव फार महागात पडली, असे आमचे म्हणणे आहे.

१८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला घरी आणले आणि सुमारे तीन वर्षे जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द अक्वेरियम’ या ग्रंथाने मध्यमवर्गीय घरांत खाऱ्या पाण्याच्या टाकीचे वेड पसरवले. पाणी ताजे कसे ठेवावे, हा त्या काळचा प्रश्न होता. उजेडात वनस्पती प्राणवायू सोडतात, तेव्हा उजेड म्हणजे जीवन, हे त्याचे उत्तर. टाकी दिवाणखान्यात आली, आणि दिवाणखाना जागा होतो तो दिवेलागणीनंतर. घराची संध्याकाळ आणि समुद्राची रात्र अशा रीतीने एकाच खोलीत येऊन राहिल्या. त्यांत काही विरोध असेल, अशी शंका घेण्याचे तेव्हा कारण नव्हते.

पुढचा टप्पा ऑस्ट्रेलियातला. १९२८-२९ मध्ये सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश मोहीम ग्रेट बॅरियर रीफवरील लो आयल्स येथे वर्षभर राहिली. प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाले वस्तीला असतात. मोहिमेतील संशोधकांनी काही प्रवाळ प्रकाशबंद पेट्यांत ठेवले, तेव्हा त्यांतील शैवाले नाहीशी झाली. प्रयोग मोलाचा होता. पण त्यात अंधाराची भूमिका केवळ अभावाची होती. अंधाराने काय हिरावले जाते, हे विचारले गेले. अंधार काय देतो, हे नाही. प्रवाळांच्या प्रजननाचाही त्या मोहिमेत अभ्यास झाला. तरीही प्रवाळ आपले डिंभ पोटातच वाढवून मग पाण्यात सोडतात, ही सर्वसाधारण समजूत पुढे कित्येक दशके टिकली.

ती मोडली रात्रीच. १९८१ पासून क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगत तरुण अभ्यासकांनी काळोखात पाण्यात उतरून पाहिले, तेव्हा वसंत ऋतूतील पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत अनेक जातींचे प्रवाळ आपली अंडी व शुक्राणू एकाच वेळी पाण्यात सोडताना दिसले. १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. जगातील सर्वांत मोठ्या प्रवाळभित्तीवरील ही घटना इतकी वर्षे दृष्टीआड राहिली, कारण पाहणारे मुख्यतः दिवसा पाहत होते.

मग प्रवाळांना तिथी कळते तरी कशी? २००७ मध्ये त्यांच्यात क्रिप्टोक्रोम ही प्रकाशसंवेदी प्रथिने असल्याचे आणि त्यांतील एकाच्या जनुकाची क्रियाशीलता चांदण्यानुसार बदलत असल्याचे दाखवण्यात आले. २०२१ मध्ये तैवानमधील एका जातीवरील प्रयोगांनी आणखी नेमके उत्तर दिले. पौर्णिमेनंतर चंद्रोदय रोज सुमारे पाऊण तास लांबतो. सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये जो काळोख पडू लागतो, तोच त्या प्रवाळांचा इशारा. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या घरांना हा काळोख चांगला परिचित आहे. प्रवाळ त्याच्यावरून दिवस मोजतात.

आता खोलीतल्या दिव्याचा हिशेब मांडता येतो. लक्स या एककात मोजले तर भर पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास भरते. घरातला साधा उजेड पन्नास लक्स सहज असतो. त्याचा दहावा हिस्सा टाकीत पोहोचला तरी तो चांदण्याच्या वीसपट. शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणाच्या दृष्टीने हा उजेड नगण्य आहे, म्हणून प्रवाळ त्याने मरत नाहीत आणि मालकाला काही बिघडल्याचे दिसत नाही. बिघडते ते कालगणनेत. रात्री भक्ष्य टिपण्यासाठी शुंडके पसरणाऱ्या अनेक जाती उजेडात मिटून राहतात, आणि मीलनाची रात्र तर ओळखूच येत नाही. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात २०१२ पासून चाललेल्या प्रयोगांत ऋतूंचे तापमान, सूर्याचे उदयास्त आणि चंद्रकला कृत्रिमरीत्या घडवल्या, परका प्रकाश टाकीपासून दूर ठेवला, आणि प्रवाळांनी बंद टाकीत ठरल्या वेळी प्रजनन केले. ॲना थिन यांच्याच शहरात, पण तिथवर यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

हा प्रश्न केवळ छंदिष्टांचा राहिलेला नाही. किनाऱ्यावरील दिव्यांनी समुद्राचाच दिवाणखाना होऊ लागला आहे. २०२३ मध्ये एकवीसशेहून अधिक नोंदींच्या आधारे असे दिसून आले, की रात्रीच्या कृत्रिम प्रकाशातले प्रवाळ इतरांपेक्षा एक ते तीन दिवस आधी, पौर्णिमेच्या अधिक जवळ, प्रजनन करतात. त्यांची अंडी पाण्यात फार काळ टिकत नाहीत. शेजारच्या अंधाऱ्या भित्तीवरील प्रवाळांशी त्यांची रात्र चुकली, म्हणजे ते वर्षही बहुधा हातचे गेले.

साहित्याच्या अभ्यासकांना यातून एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. एखाद्या विषयाची साधने तपासताना ती कोणी लिहिली, कोणत्या भाषेत लिहिली, हे आपण विचारतो. ती कोणत्या प्रहरी लिहिली गेली, हेही विचारावे. प्रवाळांविषयीचे आपले ज्ञान दीर्घकाळ दिवसाच्या साक्षीवर उभे होते, आणि त्या साक्षीत खोटे असे काहीच नव्हते.