यमूचं स्वातंत्र्य कुणाच्या हातात होतं?



चातुर्मास संपला की आपल्याकडे लग्नांची गडबड सुरू होते. पत्रिका, आहेर, मानपान, कुणाला पुढे बसवायचं, कोण औक्षण करणार, सगळं ठरवावं लागतं. आजही लिहिते आहे ती लग्नाबद्दलच, पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोष्टींमधल्या लग्नाबद्दल. त्या वाचताना आपल्या आजच्या घरातलं बरंच काही दिसतं, म्हणून तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

पहिली गोष्ट दूरची आहे. अमेरिकेतल्या केट शोपँ या लेखिकेने 1894 मध्ये एक अगदी छोटी कथा लिहिली, तीन-चार पानांची. एका बाईला निरोप येतो की रेल्वेच्या अपघातात तिचा नवरा गेला. ती रडते, मग एकटीच खोलीत जाऊन खिडकीपाशी बसते. बाहेर वसंत ऋतू असतो. नवरा वाईट नव्हता, तिचं त्याच्यावर प्रेमही होतं. तरी हळूहळू तिच्या मनात येतं की आता पुढची वर्षं माझी आहेत. तासाभराने दार उघडून नवरा जिवंत आत येतो, तो अपघाताच्या जागी नव्हताच. त्याला पाहून तिचं हृदय बंद पडतं. डॉक्टर म्हणतात, आनंदाने गेली!

पहिल्यांदा वाचताना धक्का बसतो. नवरा गेल्यावर मोकळं वाटतं, असं कुणी लिहितं का? पण शोपँबाईंचं आयुष्य पाहिलं की थोडं उमजतं. त्या पाच वर्षांच्या असताना 1855 मध्ये त्यांचे वडील खरोखरच रेल्वे अपघातात गेले. पुढे 1882 मध्ये त्यांचे पतीही गेले. पदरी सहा मुलं आणि डोक्यावर कर्ज. त्यांनी नवऱ्याचा व्यवसाय काही काळ स्वतः चालवला, आणि पुढे लेखिका म्हणून नाव कमावलं. दुःख होतंच. पण विधवा झालेली बाई घराची आणि व्यवहाराची कर्ती होऊ शकते, हे त्यांनी स्वतः जगून पाहिलं होतं.

आता आपल्याकडे या. रेल्वे तर आपल्या मावळातही तेव्हा होती. पुणे ते खंडाळा गाडी 1858 मध्ये सुरू झाली आणि 1863 मध्ये बोरघाट पूर्ण झाला. आंबीत राहणाऱ्या आम्हाला इंद्रायणी ओलांडली की तळेगाव स्टेशन. समजा, 1894 मध्ये इथल्या एखाद्या घरात तोच निरोप आला असता. त्या घरातली बाई खिडकीपाशी बसून काय म्हणाली असती?

याचं उत्तर आपल्या मराठीतच आहे. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं. त्यात ते ‘स्फुट गोष्टी’ लिहीत, आणि आजच्या मराठी लघुकथेची सुरुवात तिथून धरतात. त्याच ‘करमणूक’मध्ये त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने आली आणि 1893 मध्ये पुस्तक झाली. तिची नायिका यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते. लिहिणारा पुरुष, तोही पंचविशीतला, पण वाचताना ते विसरायला होतं.

यमूचं नशीब सुरुवातीला चांगलं. नवरा रघुनाथराव शिकलेला आणि प्रेमळ. तो तिला वाचायला लावतो, मुंबईला घेऊन जातो, तिथे ती चार सुधारलेल्या घरांत मिसळते. पुस्तकं, गप्पा, मोकळी हवा. मग तो आजारी पडून जातो. यमूला पुण्याला आणतात आणि तिची इच्छा नसताना जबरदस्तीने तिचं केशवपन करतात. त्यानंतर ती फार दिवस जगत नाही.

एकाच दशकातल्या या दोन कहाण्या शेजारी ठेवून पाहा. तिथे नवरा गेल्याच्या बातमीने बाईला स्वातंत्र्य दिसलं. इथे त्याच बातमीने होतं नव्हतं ते सगळं गेलं. का? मला वाटतं, यमूचं स्वातंत्र्य कधी तिचं नव्हतंच. ते चांगल्या नवऱ्याने दिलेलं होतं. देणारा गेला, तेही गेलं. पुस्तक तेच, यमू तीच, डोकंही तेच. फक्त परवानगी देणारा माणूस राहिला नाही.

त्याच काळातल्या काशीबाई कानिटकरांकडे पाहा. जन्म 1861 चा, लग्न नवव्या वर्षी. नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती आणि यांना अक्षरओळख नव्हती. घरातल्या बायका हसतील म्हणून त्या चोरून वाचायला शिकल्या. सुरुवात नवऱ्याच्या इच्छेने झाली खरी, पण नंतर लेखणी त्यांची स्वतःची झाली. त्यांनी गोष्टी लिहिल्या, ‘रंगराव’ कादंबरी लिहिली, डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र लिहिलं. जे मिळालं ते त्यांनी आपलं करून घेतलं.

तुम्ही म्हणाल, केशवपन आपल्यात नव्हतं, ती चाल मुख्यतः ब्राह्मण घरांतली. मान्य. पण पांढरं लुगडं होतं, घराचा कोपरा होता, शुभकार्यात मागे राहणं होतं. आणि ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्दही आपल्या घरांत ऐकलेला आहे.

इथे आपला धर्म काय सांगतो ते पाहू. आठ कर्मांपैकी एक आयुष्य कर्म. ज्याने त्याने आपलं बांधलं, ज्याने त्याने आपलं भोगलं. एका जिवाचं आयुष्य दुसऱ्या जिवाच्या पायगुणाने कमी होत नाही. कर्मसिद्धांत मानणाऱ्या घरात सुनेला नवऱ्याच्या मृत्यूचा दोष देणं म्हणजे रोज सामायिक करून सिद्धांत मात्र उंबऱ्याबाहेर ठेवणं. कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या संघात 14,000 साधू आणि 36,000 साध्वी सांगितल्या आहेत. त्या साध्वींच्या प्रमुख चंदनबाला, ज्यांना एकदा बाजारात विकलं गेलं होतं. आणि राजुलमती! वरात दारी आली असता नेमीकुमार प्राण्यांचा आक्रोश ऐकून परत फिरले. तिला कुणी ‘अपशकुनी’ म्हटलं नाही. तिने आपला मार्ग आपण निवडला आणि गिरनारला गेली. हा निवडण्याचा हक्क महत्त्वाचा. दीक्षा ही मनातून उमलावी. घरात जागा उरली नाही म्हणून कुणी त्या वाटेला लागू नये.

आपल्या समाजातही यमूच्या काळातच एक मुलगी विधवा झाली. मुंबईचे दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांची लेक मगनबाई. जन्म 1879 चा, वैधव्य ऐन तारुण्यात. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. इथवर हेही यमूसारखंच आहे, एका चांगल्या पुरुषाने दिलेली संधी. पण मगनबाई तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला, म्हणजे ज्यांचे वडील सेठ नव्हते त्या मुलींनाही शिकता यावं. स्वातंत्र्य एका माणसाच्या मर्जीतून काढून संस्थेत ठेवलं की ते टिकतं, हे त्यांना कळलं होतं.

आज कायदाही आपल्या बाजूला आहे. 1956 चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू होतो, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी किती बहिणी ‘भावाशी संबंध बिघडायला नकोत’ म्हणून हक्कसोडपत्रावर न वाचता सही करतात! सोडायचं असेल तर जरूर सोडा, त्याग आपल्या रक्तात आहे. पण आधी वाचा, समजून घ्या, मग सोडा. जे आपलं आहे हेच माहीत नाही, त्याचा त्याग कसा होईल?

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, सगळं. राज्य शासनानेही इतर गावांना तसंच करायला सांगितलं. एका गावाला जमतं, तर एका घराला का जमू नये?

यंदा तुमच्या घरी लग्न असेल तर यादी करताना एक गोष्ट करा. नवरीची काकू, मावशी किंवा आई एकटी असेल तर पहिला तिलक तिला लावू द्या. ती ‘नको गं’ म्हणेल, सवयीने म्हणेल. तुम्ही ताट तिच्या हातात द्या आणि बाजूला उभ्या राहा.

जय जिनेंद्र.